सरकार बदललं की धूर बदलतो का?

मागच्या अंकात उन्हाळ्यावर लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती, की हवामान बदलाचं राजकारण हा वेगळाच विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. त्या एका ओळीवर इतके मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. नावं छापत नाहीये, कारण दोघांनी कळवलंय की घरात वेगवेगळ्या पक्षांची माणसं आहेत, उगाच जेवताना वाद नको. मग म्हटलं कोणाचंच नको.

कॉलेज रोडवरून एक विद्यार्थिनी विचारते: सर, माझी मैत्रीण म्हणते सगळे पक्ष सारखेच, कोणी पण आलं तरी उकाडा वाढतोच आहे. क्लायमेटच्या बाबतीत सत्तेत कोण आहे याने खरंच काही फरक पडतो का?

अगं, मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. पण आधी हे बघ की फरक म्हणजे नेमका कशात. सरकारने कायदा केला, टॅक्स लावला, सबसिडी दिली, हे झालं धोरण. त्याने धूर खरंच कमी झाला का, झाडं वाचली का, हा झाला परिणाम. धोरणात पक्षाचा हात लगेच दिसतो, परिणामात कधी लगेच दिसतो, कधी वीस वर्षांनी, आणि कधी धूर भलत्याच कारणाने कमी होतो आणि क्रेडिट कोणीतरी घेऊन मोकळा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गच्चीवरून रामशेज स्वच्छ दिसायचा, जगभरच धूर खाली आला होता, त्यात कुठल्या सरकारचं पर्यावरण धोरण होतं सांग बरं?

आता आपल्या नाशिकजवळचं एकलहऱ्याचं थर्मल, म्हणजे कोळशाचं वीजकेंद्र घे. २१० मेगावॅटचे तीन संच, १९७९ ते १९८१ च्या दरम्यान सुरू झालेले. त्या दोन वर्षांत महाराष्ट्रात पुलोदचं, म्हणजे शरद पवारांच्या आघाडीचं सरकार होतं, मग राष्ट्रपती राजवट आली, मग अंतुले आले. त्यानंतर किती मुख्यमंत्री होऊन गेले ते तू मोजत बस, संच आपले कोळसा मागतच राहिले. म्हणजे आज जो धूर दिसतो तो आजच्या सरकारचा असतोच असं नाही, पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी फाईलवर सही केलेली असते तिचा पण असतो. म्हणून पाच वर्षांचं सरकार आणि पाच वर्षांतला धूर असे दोन आकडे शेजारी ठेवून जे लोक वाद घालतात ना, त्यांच्याकडे मी जास्त लक्ष देत नाही.

मग पक्षाने फरक पडतच नाही का? पडतो. कोळशावरच्या सेसची, म्हणजे जादा कराची गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते कारण तिच्यात कोणीच धड हिरो नाही. २०१० च्या बजेटमध्ये प्रणब मुखर्जींनी कोळशावर टनामागे ५० रुपयांचा सेस लावला, सरकार यूपीएचं, आणि पैसा स्वच्छ ऊर्जेच्या फंडात जाणार असं ठरलं. २०१४ ला सरकार बदललं. आता साधा अंदाज काय, की नवं सरकार जुन्याचं मोडणार. तर नवे अर्थमंत्री जेटलींनी तोच सेस १०० केला, पुढच्या वर्षी २००, २०१६ ला ४००. म्हणजे विरोधी पक्षाने लावलेलं रोप आठपट वाढवलं. पण लगेच टाळ्या नको वाजवूस, कारण २०१७ ला जीएसटी आला आणि ते ४०० रुपये राज्यांना जीएसटीची भरपाई द्यायच्या खात्यात वळले, स्वच्छ ऊर्जेचं नाव गेलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो सेसच गेला, त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांचा १८ टक्के झाला. यात पक्षाची विचारसरणी शोधायला गेलीस तर डोकं दुखेल. सरकारला पैसा पाहिजे होता, कोळसा हा पैसा काढायला सोपा माल, आणि पर्यावरण हे नाव त्या त्या वेळी सोयीचं होतं किंवा नव्हतं.

सोलरचं पण तसंच. जानेवारी २०१० ला मनमोहन सिंगांच्या सरकारने सोलर मिशन काढलं, २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅट. २०१५ ला मोदी सरकारने तेच टार्गेट १ लाख केलं. २० हजाराचा टप्पा २०१८ च्या सुरुवातीलाच पार झाला, १ लाखाचा मात्र २०२२ ला नाही तर २०२५ च्या जानेवारीत. आता एक गट म्हणणार बघा टार्गेट चुकलं, दुसरा म्हणणार बघा पाचपट झालं, दोघंही खरं बोलतायत. आणि दोघंही चीनमधल्या कारखान्यांचं नाव घेत नाहीत, ज्यांनी पॅनलचे भाव इतके पाडले की जगात कोणाचंही सरकार असतं तरी सोलर वाढलंच असतं. किती वाढलं असतं ते सरकारवर होतं. पक्षाचा वाटा त्या "किती" मध्ये आहे, बघ.

राज्यात ये. ईव्ही धोरण २०१८ ला फडणवीसांच्या सरकारचं, २०२१ ला महाविकास आघाडीचं, २०२५ ला महायुतीचं. तीन सरकारं, गाडी त्याच रस्त्यावर. आणि आता याच्या उलट फडणवीसांची पाणी अडवायची योजना, जलयुक्त शिवार बघ. २०१४ च्या डिसेंबरात सुरू, २०२० ला कॅगचे ताशेरे आले आणि आघाडी सरकारने चौकशी लावली, पुढे शिंदे सरकार आलं की जलयुक्त दोन नावाने परत हजर. म्हणजे ज्या योजनेवर एका नेत्याचा चेहरा चिकटलेला असतो ती सरकारबरोबर जाते-येते आणि जिला चेहरा नसतो ती गुपचूप चालू राहते. हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे हां, परीक्षेत लिहू नकोस.

दिंडोरी तालुक्यातून एक द्राक्ष बागायतदार: २०२३ च्या नोव्हेंबरात गारपीट, गेल्या वर्षी मे महिन्यापासूनच पाऊस, खरड छाटणीनंतर काडीला ऊनच मिळालं नाही, घड जिरले. कोणता पक्ष आला तर हे थांबेल ते सांगा, बाकीचं ज्ञान नको.

दादा, सरळ सांगतो, कोणताच नाही. दिंडोरीतून कोणालाही निवडून द्या, दिल्लीत कोणालाही बसवा, पुढच्या पाच-दहा वर्षांत तुमच्या बागेवरचा पाऊस त्याने बदलणार नाही. वातावरणात साचलेला कार्बन सगळ्या जगाचा आहे आणि शंभर-दीडशे वर्षांचा आहे.

पण तुमच्या बाबतीत सरकारचा फरक सगळ्यात लवकर पडतो आणि तो हवामानात नाही, खिशात पडतो. धूर कमी करायच्या धोरणाचं फळ नातवंडांना दिसतं, नुकसान सोसायला मदत करणाऱ्या धोरणाचं त्याच सीझनला. फळपीक विमा हवामानावर चालतो, तुमच्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने काय नोंदवलं त्यावर भरपाई ठरते, आणि गारपिटीचं संरक्षण वेगळं जादा घ्यावं लागतं. आता ते केंद्र तुमच्या बागेपासून किती लांब आहे, चालू आहे का, त्याच्या शेजारी कोणी गोठा बांधलाय का, हे आमदाराच्या एका पत्राने बदलू शकतं. तुमच्यासाठी हे पण क्लायमेट पॉलिसीच आहे, जाहीरनाम्यात तिला ते नाव नसतं एवढंच.

आणि एका पक्षाचं सरकार म्हणजे एकच धोरण असंही समजू नका. खरीप-रब्बीच्या पीक विम्याचं बघा ना, २०२३ ला शिंदे सरकारने १ रुपयात विमा दिला, काय जाहिराती, काय बॅनर, आणि २०२५ ला महायुतीच्याच सरकारने तो बंद करून परत खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्के हप्ता लावला. मधे विधानसभेची निवडणूक झालेली होती. युती तीच, फक्त निवडणुकीच्या आधी आणि नंतर. मी जेव्हा पोरांना राज्यशास्त्र शिकवायचो तेव्हा पक्षापेक्षा कॅलेंडर बघा म्हणायचो, ते याच्यासाठीच.

विजेचं पण थोडं बोलतो, कारण तुम्ही पत्रात खाली पंपाचं लिहिलंय. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट आहे. दुसऱ्या बाजूला सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून चालू आहे, दुसरा टप्पा २०२३ चा, फीडरच, म्हणजे शेतांना वीज देणारी लाइनच सोलरवर टाकायची म्हणजे शेतकऱ्याला दिवसा लाइट. एकाच सरकारच्या या दोन योजना आहेत आणि पर्यावरणाच्या हिशोबाने त्या एकमेकींचे पाय ओढतात, कारण बिल शून्य झालं की मोटर बंद करायला उठायचं कोण, आणि बोअरचं पाणी खाली जातं. पण मला विचाराल तर या दोन्हीतली सोलर फीडरवाली पुढच्या कोणत्याही सरकारला मोडता येणार नाही. एकदा शेतकऱ्याला दिवसा पाणी भरायची सवय लागली, रात्री बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन जायचं बंद झालं, की ती योजना बंद करायची कोणाची हिंमत आहे? तिथे कार्बनचा क पण कोणी म्हणत नाही आणि काम मात्र होतं.

नाशिकरोडहून औष्णिक केंद्रातले एक निवृत्त कर्मचारी: एकलहऱ्याला ६६० मेगावॅटचा नवा संच देऊ असं सगळ्या पक्षांचे लोक सांगत आले. आता क्लायमेटच्या नावाखाली तो कायमचा जाणार का? आमच्या पोरांनी काय करायचं?

साहेब, तुमच्या पत्रातला राग समजतो. आणि तुम्ही नकळत फार महत्त्वाचं लिहिलंय, की "सगळ्या पक्षांचे". ६६० च्या मागणीवर या शहरात डावा-उजवा काही नाही, भगवा-निळा-हिरवा काही नाही, सगळे एका रांगेत उभे असतात. जिथे लोकांचं पोट आहे तिथे पक्षाचं पर्यावरणाचं पान कोणी उघडत नाही. हे फक्त आपल्याकडेच आहे असं पण नाही. युरोपात लोकांना वाटतं डावे म्हणजे पर्यावरणवाले, पण जर्मनीतल्या समाजवादी पक्षाची कित्येक दशकं कोळशाच्या कामगारांशी घट्ट मैत्री, त्यामुळे कोळसा बंद करायचा विषय निघाला की तेच आधी अडखळायचे. शेवटी २०२० ला मर्केल यांच्या सरकारने, त्यात हे समाजवादी पण होते, कायदा केला की २०३८ पर्यंत कोळशाची वीज बंद, आणि सोबत कोळशाच्या भागांना ४० अब्ज युरो. लोक २०३८ ची तारीख लक्षात ठेवतात, मला विचाराल तर खरी गंमत त्या ४० अब्जांत आहे. पैसा दिसला म्हणून तर सह्या झाल्या.

आता तुमच्या प्रश्नाचं कडू उत्तर. संच क्लायमेटच्या नावाखाली नाही जाणार, तो हिशोबाच्या नावाखाली जाईल. एकलहऱ्याचे संच जुने, कोळसा विदर्भातून रेल्वेने येणार, त्यामुळे वीज महाग पडते आणि मेरिट ऑर्डरमध्ये, म्हणजे स्वस्त वीज आधी घ्यायच्या यादीत मागे राहते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वर्षं बघितलंय. आणि सोलरची वीज लिलावात अडीच-तीन रुपये युनिटने मिळायला लागली. सिन्नरला तर १३५० मेगावॅटचा प्रकल्प बांधून तयार झाला आणि वीज खरेदीचा करार नाही, कोळशाच्या रेल्वे लाइनचं अडलेलं, म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिला. तो काय कोणा पर्यावरणवाल्याने नाही थांबवला. म्हणून पोरांसाठी मागणी करायचीच असेल तर ६६० च्या बरोबर दुसरी पण मागणी ठेवा: तिथे जमीन आहे, सबस्टेशन आहे, मोठ्या लाइनी आहेत, शिकलेली माणसं आहेत, त्यावर बॅटरी साठवण, सोलर, काय येतंय ते लेखी द्या, जर्मनीसारखा आकडा टाकून. फक्त कोळसा मागितला तर आश्वासन देणाऱ्याला पण सोपं जातं, कारण ते पूर्ण नाही झालं तर दिल्लीकडे बोट दाखवता येतं.

गंगापूर रोडवरून एक वाचक: ट्रम्प आले आणि सगळं रद्द. मग बाकीच्या जगाने कशाला मेहनत करायची? तुमचं ते धोरण-परिणाम तिथे कसं लागतं?

ताई, अमेरिका हे अगदी टोकाचं उदाहरण आहे, तिथे पक्षाने खरंच दार उघडतं आणि बंद होतं. धूर कमी करायच्या क्योटो करारावर क्लिंटन सरकारने सही केली, २००१ ला बुश यांनी हात झटकले. नंतरच्या पॅरिस हवामान करारात ओबामा आत, ट्रम्प बाहेर, बायडेन २०२१ ला परत आत, आणि २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पनी पहिल्याच दिवशी परत बाहेर पडायची सही केली. आमच्या गल्लीतलं दुकानाचं शटर पण इतक्या वेळा वर-खाली होत नाही.

पण त्याच बुश यांची दुसरी गोष्ट ऐका. १९९९ ला ते टेक्सासचे गव्हर्नर होते आणि त्यांनी सही केलेल्या कायद्यात वीज कंपन्यांना अपारंपरिक विजेची सक्ती होती. टेक्सास म्हणजे तेलाचं राज्य, रिपब्लिकनांचा बालेकिल्ला, आणि आज अमेरिकेत पवनऊर्जेत तेच सगळ्यात पुढे. माणूस तोच, पक्ष तोच. टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये वारा म्हणजे शेतकऱ्याला जमिनीचं भाडं होतं, वॉशिंग्टनमध्ये क्योटो म्हणजे परदेशी लोकांचा कायदा होता. ट्रम्पच्या पहिल्या टर्ममध्ये पण अमेरिकेत कोळशाची वीजकेंद्रं बंदच होत राहिली, कारण गॅस स्वस्त झाला होता.

यावरून माझा एक ठोकताळा आहे: ज्या धोरणाने लोकांना काहीतरी मिळतं ते टिकतं, ज्याने फक्त खिशातून जातं ते मरतं. ऑस्ट्रेलियात बघा, जुलै २०१२ ला गिलार्ड यांच्या लेबर सरकारने कार्बनवर किंमत लावली, विरोधकांनी "टॅक्स टॅक्स" म्हणून रान उठवलं, सरकार निवडणुकीत हरलं, आणि जुलै २०१४ ला अॅबट यांनी ती रद्द केली. मोजून दोन वर्षं. पण गच्चीवरच्या सोलरला मिळणारी मदत अॅबटना काढता आली नाही, मोठ्या प्रकल्पांचं टार्गेट त्यांनी कापलं तेवढंच, आणि आज तिथे साधारण दर तीन घरांमागे एका घरावर पॅनल आहे. ज्याच्या छपरावर पॅनल आहे तो कोणाला का मत देईना, त्याचं पॅनल काढायला गेलं की तो चवताळणार.

पण ठोकताळा दोनदा चांगलाच आपटलाय, ते पण सांगतो. कॅनडात ट्रूडोंच्या सरकारने लोकांकडून कार्बनचा पैसा घेऊन तो परत त्यांच्याच खात्यात टाकला, बऱ्याच कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त मिळायचं, तरी लोकांना पेट्रोल पंपावरचा आकडाच आठवायचा, खात्यातला नाही. शेवटी एप्रिल २०२५ पासून नवे पंतप्रधान कार्नी यांनी तो सामान्य लोकांवरचा आकार शून्यावर आणला. पक्ष तोच, लिबरल! आणि अमेरिकेत बायडेनच्या २०२२ च्या स्वच्छ ऊर्जेला सवलती देणाऱ्या कायद्याने ज्या कारखान्यांना पैसा गेला त्यातले खूप रिपब्लिकन मतदारसंघांत होते, तिथल्या काही खासदारांनी सवलती काढू नका म्हणून पत्रं पण लिहिली, आणि जुलै २०२५ ला त्या सवलती कापायच्या मतदानाच्या वेळी जवळपास सगळ्यांनी पक्षाबरोबरच हात वर केला. मिळणारा फायदा मोठा असला तरी पक्षाची शिस्त त्याहून मोठी निघू शकते, ते मी धरलंच नव्हतं.

याउलट ब्रिटन. २००८ चा क्लायमेट कायदा लेबर सरकारचा, पण विरोधातल्या कन्झर्वेटिव्हांनी पण त्याला मत दिलं, नाही म्हणणारे खासदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात स्वतंत्र समिती आणि खूप वर्षं आधी ठरवायची कार्बनची मर्यादा, म्हणजे पुढच्या सरकारला पण ती पाळावी लागणार. मग २०१९ ला नेट झिरोचं, म्हणजे जितका कार्बन सोडायचा तितकाच शोषून घ्यायचं टार्गेट आणलं ते कन्झर्वेटिव्ह थेरेसा मे यांनी, आणि सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या दिवशी तिथलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं. मधल्या काळात याच कन्झर्वेटिव्हांनी इंग्लंडमध्ये जमिनीवरच्या पवनचक्क्या जवळपास बंद पाडल्या, कारण गावातल्या त्यांच्या मतदारांना त्या डोळ्यांसमोर नको होत्या, आणि समुद्रातल्या मात्र जोरात उभ्या केल्या. २०२४ ला लेबरने आल्या आल्या जमिनीवरची अडवणूक काढली. आता २०२५ पासून कन्झर्वेटिव्ह तो कायदाच रद्द करू म्हणतायत. १७ वर्षं टिकलेला समजूतदारपणा पुढे किती टिकतो ते बघूच.

ओझरहून एका ओळीचा प्रश्न: आपल्याकडे ग्रीन पार्टी का नाही?

आपली निवडणूक पद्धत. जर्मनीत ५ टक्के मतं मिळाली की संसदेत जागा, म्हणून ग्रीन १९८३ ला आत गेले, १९९८ ला सत्तेत, आणि २००० ला सोलर-पवनच्या विजेला २० वर्षं ठरलेला दर देणारा कायदा आला, ज्याच्यामुळे जगभर पॅनल स्वस्त व्हायचा वेग वाढला. आपल्याकडे पहिला येईल तोच निवडून. ब्रिटनमध्ये पण आपल्यासारखंच आहे, तिथे २०२४ ला ग्रीनना ६ टक्क्यांहून जास्त मतं आणि जागा ६५० पैकी ४. आपल्याकडे कोणी काढलाच तर डिपॉझिट वाचवायचीच मारामार. आणि जर्मन ग्रीनांना पण डोळे झाकून शंभर मार्क देऊ नका, अणुऊर्जा बंद करायचा हट्ट त्यांचा जुना, २०२३ च्या एप्रिलमध्ये शेवटची तीन अणुकेंद्रं बंद झाली तेव्हा कोळसा अजून चालूच होता.

पंचवटीतून एक आजी: तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तोडायची म्हणाले तेव्हा मी पण उभी राहिले होते. त्याला तुमच्या त्या मोठ्या मोठ्या देशांच्या गोष्टी लागू होतात का?

होतात आजी, आणि सगळ्यात जास्त तिथेच होतात. एकलहऱ्याचं उदाहरण वर दिलंय तिथे सरकार बदलून पण धूर बदलायला पन्नास वर्षं लागतात. झाडाचं उलटं आहे. ते वाढायला पन्नास वर्षं आणि आडवं व्हायला अर्धा तास, त्यामुळे आज खुर्चीत कोण आहे त्याचा परिणाम आजच दिसतो. ब्राझीलमध्ये अॅमेझॉनचं जंगल २००४ ला एका वर्षात २७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त तुटलं होतं. राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या सरकारने सॅटेलाइटने नजर ठेवून दंड आणि धाडी सुरू केल्या, २०१२ पर्यंत ते साडेचार हजारांच्या आसपास आलं. बोल्सोनारो आले, वनखात्याचे हात बांधले, २०२१ ला १३ हजार. लुला परत आले, २०२४ ला साधारण ६३००. तेच जंगल, मोठा फरक गार्डला जंगलात जायची ऑर्डर होती की नव्हती याचा. पक्षाने परिणाम बदलतो याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मुंबईच्या आरेचं तुम्हाला आठवत असेल, ऑक्टोबर २०१९ ला कोर्टाने याचिका फेटाळल्या आणि रातोरात दोन हजारांहून जास्त झाडं गेली. मग आघाडी सरकारने ज्याच्यासाठी ती तोडली ते मेट्रोचं कारशेड कांजुरमार्गला नेलं, मग २०२२ ला शिंदे सरकारने परत आरेत आणलं. कारशेड दोनदा हललं, झाडं काही परत उभी राहिली नाहीत.

तपोवनात नोव्हेंबर २०२५ ला साधारण १८०० झाडांचा विषय निघाला तेव्हा आणखी एक गोष्ट झाली जी कोणी बोललं नाही. महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते. जवळपास चार वर्षं या शहरात कुठलाच पक्ष निवडून आलेला नव्हता. म्हणजे नाशिककरांना फुकटात एक प्रयोग बघायला मिळाला की पक्ष नसले तर पर्यावरणाचं भलं होतं का. उत्तर तुम्ही तिथे उभ्या होतात म्हणून तुम्हाला माहीतच आहे: निर्णय होतातच, फक्त वॉर्डात शिव्या घालायला माणूस सापडत नाही. आणि विरोध वाढला तेव्हा सत्तेतल्याच मित्रपक्षांतून झाडांच्या बाजूने आवाज यायला लागले, कारण महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. सिंहस्थ २०२७ चा, मतदान जानेवारी २०२६ चं. परत कॅलेंडर.

राज्याच्या वृक्षसंवर्धन कायद्यात २०२१ ला आघाडी सरकारने ५० वर्षांहून जुन्या झाडांना हेरिटेज म्हणायची तरतूद घातली, चांगलीच आहे, पण झाडाचं वय ठरवणार कोण, नोंद ठेवणार कोण, तर महापालिका. नोटीस निघाली की हरकत घ्यायला सात दिवस. त्या सात दिवसांत नोटीस तुमच्यापर्यंत पोचली तर पोचली. आता नगरसेवक परत आलेत, त्यातलेच काही वृक्ष प्राधिकरणावर जातील, म्हणून आमच्या प्रभागातल्या चारपैकी दोघांना मी फोन करून विचारलं की तुमच्या पक्षाकडून त्या समितीवर कोण जाणार. एक म्हणाले बघून सांगतो. दुसऱ्यांनी विचारलं, कुठलं झाड तोडायचंय काका तुमचं?